चाकं सगळ्यात शेवटी

परवा सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा जमा केला आणि शाळेतून चालतच घरी निघाले. रस्त्याच्या कडेला रांगोळीवाले बसले होते. गोणपाटावर रंगांचे ढीग आणि प्रत्येक ढिगात खोचलेलं एक पत्र्याचं मापटं. राणी, पोपटी, जांभळा, हळदीसारखा पिवळा. मी उगाच थांबले. थांबलं की काहीतरी बोलावं लागतं, म्हणून विचारलं, "काळा आहे?"

रांगोळीवाल्याने मला जरा निरखून पाहिलं. "दिवाळीला काळा कोण घेतं, ताई?"

दिवाळीला काळा रंग लागणारी एक मुलगी मला माहीत होती. पण हे त्याला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सगळं मला अजून नीट उलगडलेलं नाही. मी थोडा पांढरा घेतला आणि निघाले.

हे दिवस आले की माझं असंच होतं. पाऊस संपलेला, थंडी अजून लांब, भातं कापून झालेली, आणि दुपारचं ऊन असं की डोळे अर्धे मिटूनच चालावं. हवेत पेंढ्याचा वास, फराळाच्या तेलाचा वास आणि रंगांची बारीक धूळ. अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वाफेच्या इंजिनाला किती चाकं असतात या एका प्रश्नावर आमचं घर अडून बसलं होतं. देशातली वाफेची मोठी इंजिनं तोवर जवळपास बंदच झाली होती. आमच्या घरात मात्र तेव्हा सुरू झाली.

आम्ही मुंबईच्या बाहेर, तुळिंजला राहायचो, चौथ्या मजल्यावर. बाबा सकाळी ऑफिसला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. आई बालवाडीत शिकवायची. मी कॉलेजात. मग घरात उरायचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा. आप्पा रेल्वेत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी सोलापूर, दौंड, वाडी या पट्ट्यात. आजी गेल्यावर बाबांनी त्यांना आमच्याकडे आणलं. सोलापूरच्या उघड्या अंगणातून ते आमच्या दोन खोल्यांत आले आणि पहिल्या आठवड्यात मला म्हणाले, "बाळ, तुमच्या इथं खिडकीतून दुसऱ्याची खिडकीच दिसती."

त्या वर्षी गणपतीनंतर ते एकदा भाजी आणायला म्हणून खाली उतरले आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. संध्याकाळी सापडले ते थेट आगाशीच्या एसटी थांब्यावर. बाबा त्यांना घेऊन आले तेव्हा बाबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"रस्ता चुकलात, आप्पा. मान्य करा ना."

"चुकलो कशाचा? सुकेळी आणायला गेलतो. आगाशीची सुकेळी चांगली असतात म्हणून तूच म्हणालास." आणि खरोखरच त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पानात बांधलेल्या सुक्या केळ्यांची पुडी निघाली.

आता, चुकून आगाशीच्या बसमध्ये बसलेला माणूस आगाशीला उतरल्यावर सुकेळी घेऊ शकतो. आणि सुकेळी घ्यायला गेलेला माणूस परतीची बस न कळून थांब्यावर बसून राहू शकतो. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजू मला पटल्या. बाबांना एकच पटली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेर पडताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लागायला लागलं. "आपल्याच भल्यासाठी आहे," बाबा म्हणाले. मी दुपारी लवकर आले की आप्पा जाळीच्या पलीकडे खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. मी कुलूप उघडायची, आणि ते म्हणायचे, "आला का सिग्नल?"

हे मला फार लागायचं. बोलायला मात्र जमायचं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी. शाळेत मराठी बोलायची भीती आणि घरी इंग्रजी बोलायची लाज, असं दोन्हीकडून गप्प राहायला शिकलेली.

भारती ही माझ्या बाकावरची मैत्रीण. जूचंद्रची. त्या गावात रांगोळी काढतात म्हणजे दारापुढची ठिपक्यांची नव्हे. जमिनीवर माणसं उतरवतात, डोळ्यातल्या पाण्यासकट. दिवाळीला गावच्या शाळेत प्रदर्शन भरतं आणि बघणारे लांबून येतात. भारतीचे चुलतभाऊ त्यात मुरलेले होते. भारती आजवर त्यांना रंग चाळून द्यायची आणि कोपऱ्यात एखादा मोर काढायची. त्या वर्षी पहिल्यांदाच तिला अख्खा एक चौकोन मिळाला होता.

ती जर्नल उतरवायला आमच्याकडे आली आणि शोकेसमधल्या फोटोपुढे उभी राहिली. फोटोत तरुण आप्पा, हातात चिंध्यांचा बोळा, मागे इंजिन.

"हे कोन गो? काका?" ती आप्पांना काकाच म्हणायची. "माझे भाऊ सगळे चेहरेच काढतात. पुढारी, हिरॉइन, देव. मी हे काढनार. ह्यो काळा रंग कोनी नसंल काढला."

आप्पा खूश झाले. इतक्यात तिने फोटो जवळ नेला. "पन हितं चाकं कुठंयत?"

चाकं नव्हती. आईने सांगितलं, तुळिंजच्या बाजारात तयार फ्रेम घेतली होती, तिच्यात फोटो मावेना, तेव्हा दुकानदाराने खालची पट्टी कापून टाकली. त्या पट्टीत चाकं गेली आणि आप्पांची पावलंही गेली. इतकी वर्षं आम्ही तो फोटो पुसत होतो, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"त्यात काय," आप्पा म्हणाले. "लिहून घे. पुढं छोटी दोन, मधी आठ, मागं छोटी दोन. मालगाडीचं इंजिन."

बाबा नुकतेच आले होते. बूट काढता काढता थांबले. "मालगाडीचं कुठलं, आप्पा? मेलचं. तुम्ही मेल चालवायचात."

"मेल मी कधी चालवली?"

बाबांनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं. ती नजर मला कळली. ती कुलपाकडे जाणारी नजर होती.

बाबांच्या लहानपणाचा कणा म्हणजे ती मेल. ही गोष्ट आम्ही शेकडो वेळा ऐकलेली: बाबा पहिलीत असताना आप्पांनी त्यांना प्लॅटफॉर्मवरून उचलून इंजिनात घेतलं, भट्टीचं दार उघडलं, लाल उजेड, आणि मागे मेलचे डबे. बाबा शिट्टीच्या दोरीला लोंबकळले होते. चाळीतल्या मुलांत बाबा म्हणजे मेलवाल्याचा मुलगा. एवढ्या एका गोष्टीवर ते शिकले, मुंबईला आले, इंग्रजी शाळेत मला घातलं. आता आप्पा म्हणत होते, मेल नव्हतीच. मग आप्पांची आठवण चालली होती, की बाबांची मुळातच कच्ची होती? आप्पांचं खरं धरलं तर बाबांचं बालपण जात होतं. बाबांचं खरं धरलं तर कुलूप राहत होतं. मला दोघांतलं कुणीच खोटं पडायला नको होतं, आणि चाकं तर एकाच प्रकारची असणार.

मी पुस्तकाकडे वळले. दुसरं मला काय येत होतं? कॉलेजच्या लायब्ररीत रेल्वेवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, बहुधा कुणीच न नेलेलं. त्यात एक अख्खं प्रकरण फक्त चाकांच्या मांडणीवर. इंजिनाची जात चाकांवरून ओळखायची, पुढून मागे मोजत. पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी. दोन-आठ-दोन. चार-सहा-दोन. आणि मोजायची दोन्ही बाजूंची. म्हणजे आपल्याला उभं राहून दिसतात त्याच्या दुप्पट. न दिसणारी बाजूही खरी धरायची, ही रीत मला आवडली आणि त्याच वेळी तिची भीतीही वाटली.

पुढची छोटी चाकं इंजिनाला वळणावर वाट दाखवतात. ती नसली तर जड धूड सरळच जाऊ पाहतं. मधली मोठी चाकं दांड्यांनी एकमेकांना बांधलेली. ओढायचं काम त्यांचं. ती मोठी ठेवली तर एका फेरीत जास्त रस्ता कापला जातो, म्हणजे वेग. लहान ठेवून जास्त बसवली तर वजन जास्त चाकांवर पडतं, पकड वाढते, म्हणजे ताकद. म्हणून धावणाऱ्या गाडीला मोठी सहा आणि ओझ्याच्या गाडीला लहान आठ. आणि मागची छोटी दोन? ती आली भट्टीसाठी. जुन्या इंजिनांत भट्टी मोठ्या चाकांच्या मध्ये चेपून बसवलेली असायची, अरुंद. मग कुणीतरी ती चाकांच्या मागे नेली, ऐसपैस केली आणि तिच्याखाली आधाराला छोटी चाकं दिली. आपल्याकडच्या राखट कोळशाला अशी रुंद भट्टीच लागते. दोन-आठ-दोन या मांडणीला जपानच्या सम्राटाचं नाव, कारण तसली इंजिनं आधी अमेरिकेतून जपानला गेली. चार-सहा-दोनला महासागराचं, कारण ती महासागर ओलांडून न्यूझीलंडला गेली. मी हे सगळं वहीत उतरवलं आणि आप्पांना वाचून दाखवलं.

"महासागर?" ते म्हणाले. "आम्हाला तर पाण्याच्या टाकीची मारामार."

पुस्तकाने मला सगळं सांगितलं आणि काहीच सांगितलं नाही. फोटोतलं तोंड साधं गोल होतं. दोन्ही जातींत तसं तोंड असायचं. धुराडं दोन्हींत. मी भिंग घेऊन बसले, तर भिंगात फक्त फोटोचे ठिपके मोठे झाले.

मग मी आप्पांनाच विचारत राहिले. दुपारी कुलूप उघडून आत गेलं की ते बोलायला लागायचे, आणि बोलायचे ते मालगाडीचंच. मालगाडीला वाट नसते, असं म्हणायचे. सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं आणि आपण बाजूच्या लायनीला उभं राहायचं. दोन्हीकडे ज्वारी. फावड्यावर वांगं ठेवून भट्टीच्या तोंडाशी धरायचं, वर कच्चा कांदा, लोकांनी आणून दिलेला हुरडा. मग लांबून रूळ गुणगुणायला लागायचे आणि मेल यायची. "सुसाट. आणि गेली की ज्वारी किती वेळ डुलत राहायची." हे सांगताना त्यांचा हात हवेत हळूहळू डुलायचा. एवढं बारीक सांगणाऱ्या माणसाची आठवण गेली असं कसं म्हणायचं? पण त्याच दुपारी ते मला दोनदा आजीच्या नावाने हाक मारायचे. आणि मेल जाताना बघितल्याची आठवण मेल चालवणाऱ्यालाही असूच शकते. कधीतरी तरुणपणी तोही बाजूला उभा असेल. ड्रायव्हर आधी मालगाडीवर असतो, मग पुढे पॅसेंजर, मग मेल, हे मला बाबांनीच सांगितलं होतं. मग फोटो कुठल्या वर्षाचा? ते दोघांनाही सांगता येत नव्हतं.

रात्री जेवताना बाबा हळूच विचारायचे, "आप्पा, आज कुठलं इंजिन?" विचारण्यात माया होती, आणि तपासणीही होती. आप्पा भात कालवत म्हणायचे, "तुला पाहिजे ते." आई विषय बदलायची.

सुट्टी लागल्यावर मी आप्पांना घेऊन जूचंद्रला जायला लागले. नायगावला उतरून रिक्षा. वाटेत मिठागरांचं सपाट पाणी, त्यात उलटं आकाश. शाळेच्या वर्गातले बाक बाहेर काढलेले, खिडक्यांना जुनी लुगडी बांधलेली, आणि पंखे बंद. रांगोळीच्या वर्गात पंखा लावायचा नसतो. एक झुळूक आली तरी माणसाच्या गालावरचा रंग कपाळावर जातो. त्या उकाड्यात सगळे घामाघूम होऊन कुजबुजत काम करायचे. शिंक आली की पळत बाहेर. भारतीने इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणून कुटला होता, फडक्यातून गाळला होता, आणि त्याचे पाच-सहा काळे केले होते. निळसर काळा, तपकिरी काळा, उन्हातला काळा. मी तोवर काळा रंग एकच समजत होते.

ती वरून खाली काम करायची. सगळ्यांचीच ती रीत. लांबच्या कडेला सुरुवात करायची आणि आपल्याकडे येत राहायचं, म्हणजे पूर्ण झालेल्या भागावर परत हात न्यावा लागत नाही, बोट टेकावं लागत नाही. एकदा पुढे आलं की मागे जाता येत नाही. आधी आकाश आलं, मग धूर, मग धुराडं. विटांवर फळी टाकून ती पालथी पडायची आणि चिमटीतून रंग सोडायची. दोन दिवसांनी इंजिनाचं पोट आलं, त्यावर उन्हाचा लांब पट्टा. चाकं अर्थातच सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात शेवटी. मला त्या रीतीचा आधार वाटायचा. अजून वेळ आहे, असं मी रोज स्वतःला सांगायचे.

आप्पा भिंतीला टेकून तिची चिमूट बघत बसायचे. एकदा अचानक म्हणाले, "आम्हीपण अशीच सोडायचो."

"काय काका, रांगोळी?"

"रेती. चाकापुढं. चढावर रूळ ओला असला की चाक जागच्या जागी फिरतं, गाडी हलत नाही. मग नळीतून बारीक रेती सोडायची रुळावर. जास्त सोडली तर ओढ बसती, कमी सोडली तर घसरती. चाळलेली लागायची, अशीच."

भारतीने फळीवरून मान वर केली. "मंग तुम्हीपन जूचंद्रचेच की ओ!"

तिथे बसलेले सगळे दबक्या आवाजात हसले, शिंक आवरावी तसे. आप्पाही हसले. आगाशीनंतर त्यांना मी इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

आता मी रोज मुलांना शिकवते आणि मुलं विचारतात, "टीचर, विच वन इज करेक्ट?" माझ्याकडे उत्तरसूची असते. त्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट मला तेव्हाही आवडली होती आणि अजून सोडवत नाही. इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकाच वेळी एकाच जागी ठेवत नाहीत. पाव फेरीचं अंतर ठेवून बसवतात. कारण दट्ट्या, म्हणजे पिस्टन, टोकाला पोचला की त्या क्षणी वाफेने कितीही ढकललं तरी चाक फिरत नाही. एक बाजू अशी अडली की दुसरी बाजू तेव्हा ऐन जोरात असते, ती सोडवते. मी हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, घरात दोन माणसं कधीच एकसारखं बोलत नाहीत ते यासाठीच असावं. पण आमच्याकडे कोण कुणाला सोडवत होतं? आणि मी नेमकी कुठे बसवलेली होते?

रांगोळीच्या कामाचा शेवटचा दिवस शनिवार होता. बाबा स्वतः आले, आईला घेऊन. भारतीचं काम आप्पांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. उरली होती ती फक्त खालची पट्टी, फोटोत कापली गेलेली: आप्पांची जाड बुटांतली पावलं आणि चाकं. तिने दोऱ्याने माप घेतलं.

"मोठी घेतली तर ह्या बाजूला तीन मावतात. छोटी घेतली तर चार. दोन्ही बसतात. बोला."

"तीन," बाबा म्हणाले.

"चार," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी त्या इंजिनात बसलोय. मला उचलून घेतलं होतं तुम्ही."

"घेतलं असंल. ड्रायव्हर दुसरा असंल, माझ्या ओळखीचा. माझी गाडी बाजूला उभी असंल."

"असेल म्हणजे? आठवतंय की नाही तुम्हाला?"

बाबांचा आवाज चढला. वर्गातल्या सगळ्या फळ्यांवरच्या माना वर झाल्या. आप्पांनी हात पाठीमागे बांधले. बाबांनी आवाज खाली आणला आणि फक्त आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "बघ. म्हणून मी म्हणतो, एकटं सोडायचं नाही." मलाही ते ऐकू गेलं. आप्पांनाही गेलं असावं.

भारती माझ्याकडे वळली. "तू सांग गो. तू एवढं वाचलंस ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीन म्हटलं तर आप्पांच्या हातावर मीच कुलूप ठेवल्यासारखं. चार म्हटलं तर बाबांना या अनोळखी लोकांसमोर खोटं पाडल्यासारखं. माझ्या तोंडून निघालं, "वाफ काढ."

"काय?"

"चाकांवर. वाफ. पांढरी. खालून सोडतात तशी. चाकं झाकून जातील."

आप्पा लगेच म्हणाले, "उभ्या इंजिनाला एवढी वाफ? काय फुटलंबिटलं आहे का?"

"आनि लोक म्हनतील, हिला चाकं जमली नाय म्हनून धूर केला," भारती म्हणाली. "माझा पहिला चौकोन आहे बाय. मी काय झाकनार नाय." तिने कमरेवर काळे हात ठेवले, फोटोकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग बाबांकडे. "दादा, राग मानू नका. पन मेलवाल्याला खाली उतरून, बोळा हातात धरून, कॅमेऱ्याकडं बघायला टाइम कुठून असंल? ही गाडी बाजूला उभी हाय. कोनाची तरी वाट बघते. मी चार काढते."

बाबा म्हणाले, "काढ बाई, तुला पटेल ते," आणि बाहेर पटांगणात जाऊन उभे राहिले.

मला अजून कळत नाही, भारतीचं ते बोलणं पुरावा होतं की नुसतं चांगलं बोलणं. मेल ड्रायव्हरचीही सुट्टी असते, शेडमध्ये उभं इंजिन असतं. फोटो तिथेही निघतो. हे मला परतताना रिक्षातच सुचलं होतं. मी गप्प बसले.

रविवारी प्रदर्शन उघडलं. दोरी बांधलेली, माणसं ओळीने सरकत होती. आम्ही चौघं भारतीच्या चौकोनापाशी पोचलो तेव्हा आई "अगंबाई" म्हणाली. जमिनीवर इंजिन उभं होतं. कोळशाच्या भुकटीचं, पण लोखंडाचा वास यावा असं. पुढे छोटं चाक, मग चार एकसारखी, दांड्याने बांधलेली, मागे पुन्हा एक छोटं. आणि शेजारी आप्पा, पावलांसकट. भारती नव्या साडीत दोरीपाशी उभी होती, नखांत मात्र अजून काळं.

आमच्या पुढचा एक गृहस्थ, मुलाला खांद्यावर घेतलेला, वाकून बघत होता. त्याने एकदा रांगोळीतल्या माणसाकडे आणि एकदा आप्पांकडे पाहिलं. "तुम्हीच ना हे, आजोबा? कुठली गाडी होती ही?"

आप्पा ताठ झाले. "मेल," ते म्हणाले.

मी दचकले. आईने माझा दंड धरला. महिनाभर मालगाडी म्हणणारा माणूस, समोर मालगाडीची चाकं मांडलेली असताना, स्पष्ट आवाजात मेल म्हणाला होता. मी बाबांकडे बघितलं. त्यांना हवं तेच तर मिळालं होतं, आणि हवं होतं त्याहून जास्तही: आप्पा विसरतात याचा चारचौघांतला पुरावा. बाबा बराच वेळ आप्पांकडे बघत राहिले. आप्पा त्यांच्याकडे बघत नव्हते. खांद्यावरच्या त्या पोराकडे बघत होते.

मग बाबा त्या गृहस्थाला म्हणाले, "मालगाडी. चाकं मोजा ना. या बाजूला चार आहेत. मेलला तीन असतात, मोठी." आणि बोटाने एकेक दाखवत मोजायला लागले. त्यांना ते सगळं येत होतं. पुढची चाकं कशाला, मागची कशाला. केव्हा शिकले होते कोण जाणे. माझी वही बहुतेक त्यांनी चाळली असावी.

आप्पा खरंच विसरले होते, की मुलाची मेल त्याला परत देत होते? आणि बाबा चूक सुधारत होते, की आपली मेल वडिलांसाठी सोडून देत होते? मी दोघांच्या चेहऱ्यांवर शोधलं. चेहऱ्यांवर फक्त घाम होता. पंखे बंद होते.

"फार उकडतंय," आप्पा म्हणाले. "मी जरा जाऊन येतो." आणि कुणाच्या होकाराची वाट न बघता ते दोरीखालून वाकून गर्दीत शिरले.

मी मागे जायला निघाले. बाबांनी हात आडवा केला.

"जाऊ दे."

"पण बाबा, गर्दी…"

"येतील."

सोमवारपासून आमच्या दाराला कुलूप लागलं नाही. त्यानंतर आप्पा आणखी काही वर्षं होते. त्यांत एकदा खरोखर हरवले आणि एकदा आम्हालाच तसं वाटलं. कुलूप का काढलं हे मी बाबांना विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. पण त्या रविवारी, आप्पा दिसेनासे झाल्यावर, बाबा दाराकडे पाठ करून उभे राहिले, मुद्दाम, आणि रांगोळीकडे बघत राहिले. आई दाराकडे बघत होती. माणसं येत होती, "वा" म्हणत होती, चाकं मोजत होती. भारतीही आमच्या शेजारी येऊन थांबली.

आप्पा आले. गर्दीतून वाट काढत, दोन्ही हात छातीशी धरून. हातात खाऱ्या दाण्यांच्या गरम पुड्या होत्या, कागदाच्या. त्यांनी एक आईला दिली, एक मला, एक बाबांच्या हातात कोंबली. एक त्यांची स्वतःची. तरी हातात एक उरली. आप्पा त्या पुडीकडे बघत राहिले, मग आमच्याकडे, एकेकाकडे, पुन्हा पुडीकडे. आजीला खारे दाणे आवडायचे. बाबांनी मान खाली घातली.

भारतीने काळ्या नखांचा हात पुढे केला. "काका, माझी ना ती? द्या की. सकाळपासून उपाशी हाय मी."

आप्पांनी पुडी तिच्या हातात ठेवली. "तुझीच," ते म्हणाले, "मग कुणाची?"